घरी शिकणाऱ्या मुलांची दहावी: सतरा नंबर की एनआयओएस, आणि कागद नेमके कुठे अडतात

मूल घरीच शिकतंय, आता तेरा-चौदाचं झालं, दहावीचं काय करू, असं आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. अभ्यासाचं फारसं कुणाला अडत नाही, मुलं छान शिकतात, अडतं ते कागदावर. माझी थोरली घरी शिकली, तिची दहावी-बारावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) झाली, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फॉर्म मी शेजारी बसून भरलेत आणि परत आलेले अर्जही पुष्कळ बघितलेत. म्हणून जिथे गाडी अडते तेवढंच नीट सांगते, बाकीचं साइटवर वाचून कुणालाही जमेल.

आधी सतरा नंबरचा फॉर्म, कारण सगळ्यांना तोच माहीत असतो. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर वय १४ पूर्ण पाहिजे आणि निदान पाचवी पास पाहिजे. अर्ज ऑनलाइन, कागद तीनच: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो. दाखला हरवला असेल तर त्याची द्वितीय प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र चालतं. आता इथे थांबा आणि परत वाचा, *हरवला असेल तर*. जे मूल शाळेत गेलंच नाही त्याचा दाखला हरवलेला नसतो, तो नसतोच, आणि ते प्रतिज्ञापत्राने भरून निघत नाही. एक वडील नोटरी वगैरे करून सगळं व्यवस्थित फाइलला लावून संपर्क केंद्राच्या, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचे अर्ज घेणाऱ्या, शाळेत गेले होते, तिथल्या क्लार्कने कागद उलटसुलट बघितला आणि एवढंच विचारलं, जनरल रजिस्टर नंबर (शाळेच्या नोंदवहीतला मुलाचा नंबर) कुठल्या शाळेचा घालू? त्यावर काय बोलणार. त्या माणसाने दोन दिवस रजा टाकली होती, आणि ही एक ओळ सूचनांमध्ये कुणी ठळक लिहिली असती तर त्याच्या खेपा वाचल्या असत्या, याचा मला अजून राग येतो.

त्यामुळे मूल पाचवी-सहावीपर्यंत शाळेत होतं आणि मग घरी आणलं असेल तर दाखला आत्ता काढून ठेवा, दहावीच्या वर्षी नाही. बरेच पालक जूनमध्ये नुसतं पाठवायचं बंद करतात, फी थकलेली राहते, मग तीन वर्षांनी दाखला मागायला गेलं की जुना हिशोब निघतो. शाळाच बंद पडली असेल तर तिची रजिस्टरं कुठे गेली ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारायचं, त्यात महिनेच्या महिने जातात. दाखला हातात असेल तर मात्र सतरा नंबर चांगला आहे, मार्कशीट राज्य मंडळाचीच मिळते आणि पुढे कुणी वेगळे प्रश्न विचारत नाही.

दाखला नाही, पाचवीचा कागद नाही, तर सरळ एनआयओएस. हे केंद्र सरकारचं मुक्त बोर्ड, १९८९ पासून आहे, पुण्यात प्रादेशिक केंद्र आहे, दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. आठवीची मार्कशीट असेल तर लावा, नसेल तर हा अभ्यासक्रम मला झेपेल असं स्वतःचं घोषणापत्र चालतं. वयाची अट १४ पूर्ण, पण कधी पूर्ण ते बघा, ब्लॉकप्रमाणे, म्हणजे वर्षातल्या दोन प्रवेश-फेऱ्यांपैकी तुमची जी असेल तिच्याप्रमाणे, ३१ जुलै किंवा ३१ जानेवारी धरतात. ऑगस्टमध्ये वाढदिवस असलेल्या मुलाचा अर्ज जुलैत भरून काही होत नाही.

इथे सगळा भार येतो तो जन्माच्या दाखल्यावर, आणि घोळ तिथेच असतो. कपाटातून तो जुना हिरवट कागद निघतो, आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, हॉस्पिटल आहे, तारीख आहे आणि बाळाच्या नावासमोर नुसती रेघ. कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालं नव्हतं आणि नंतर नाव घालायला कुणी गेलं नाही, शाळेत घातलं नाही म्हणून कधी अडलंही नाही. नाव नंतर घालता येतं, पहिले १२ महिने फुकट आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मूल चौदाचं असताना हे लक्षात आलं तर तुमच्याकडे जेमतेम वर्ष आहे, हे कृपा करून समजून घ्या आणि उद्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, जिथे नोंद असेल तिथे जा.

जन्माचा दाखला झाला की मग आधार त्याच्याशी जुळवा, उलटं करू नका. आधारवर जन्मतारीख एकदाच दुरुस्त करून मिळते, ती संधी अंदाजाने घालवली तर पुढे फार त्रास आहे. आईचं माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, वडिलांच्या नावापुढे एका कागदावर राव आहे आणि दुसऱ्यावर नाही, हे आपल्याकडे घरोघरी असतं, आपल्याला ते चुकीचं वाटतच नाही पण फॉर्म तपासणाऱ्याला वाटतं. आणि पंधरा पूर्ण झाली की आधारचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, ते राहिलं असेल तर त्याच फेरीत उरकून टाका.

फॉर्म भरायचं काम अर्ध्या तासाचं आहे. पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा, हवे तर वर दोन जास्तीचे घेता येतात. गणित नको म्हणून मुलं रडतात, नियमाने सोडता येतंही, पण पुढे विज्ञानाकडे किंवा डिप्लोमाकडे जायचं मनात असेल तर सोडू नका. अभ्यास केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या, नातेवाईक दुसऱ्या राज्यात आहेत म्हणून तिथलं घेऊ नका, कारण राज्यातल्या इंजिनिअरिंग वगैरे प्रवेशाला दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली का हे बघतात.

आता तारखा, यात सगळ्यात जास्त मुलांचं वर्ष जातं. जुलैपर्यंत घेतलेल्या ॲडमिशनची पहिली परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये, जानेवारीपर्यंत घेतलेल्याची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पण ॲडमिशन झालं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं नाही! परीक्षेची फी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि ती ॲडमिशननंतर काही महिन्यांनी उघडते, तोपर्यंत आपण सगळं विसरलेलो असतो. एका ताईंनी एप्रिलमध्ये हॉल तिकीट येत नाही म्हणून फोन केला, लॉगिन उघडून बघितलं तर परीक्षेच्या फीचा रकाना कोरा, मुलगी शेजारी पुस्तक घेऊन बसलेली. तिचे सहा महिने गेले. म्हणून ॲडमिशनच्या दिवशीच मोबाइलवर दर महिन्याच्या एक तारखेची आठवण लावून ठेवा आणि साइट बघत जा. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायच्या असाइनमेंट, त्यांना २० टक्के मार्क आहेत, त्यांचीही मुदत वेगळीच असते.

एक दिलासा आहे, नोंदणी ५ वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, दोन आत्ता आणि तीन सहा महिन्यांनी असं करता येतं, पास व्हायला ३३ टक्के. मुलाला हे आधी सांगा, त्याचा जीव भांड्यात पडतो.

बारावीला अजून एक गैरसमज असतो, मुक्त बोर्ड आहे तर एका वर्षात होईल. नाही होत. दहावीनंतर एक वर्ष झालं असेल तर जास्तीत जास्त चार विषय देता येतात, पाचवा आणि त्याबरोबर पासचं सर्टिफिकेट दोन वर्षं भरल्यावरच. सतरा नंबरने बारावी दिली तरी मध्ये दोन वर्षं लागतातच.

निकालानंतर कॉलेजच्या काउंटरवर एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागतील आणि तुमच्याकडे नसेल, तेव्हा घाबरू नका आणि घरी परत येऊ नका. एनआयओएस मार्कशीटसोबत मायग्रेशन कम ट्रान्सफर सर्टिफिकेट देतं, एलसीच्या जागी तेच द्यायचं. काउंटरवरच्या माणसाने ते आधी पाहिलेलं नसेल तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा थेट ऑफिस सुपरिंटेंडेंटना भेटा, माझ्या मुलीच्या वेळी तिसऱ्या खेपेला असंच काम झालं. मूळ प्रत देताना पोच घ्या आणि त्याआधी चार झेरॉक्स काढून ठेवा. जातीचा दाखला लागणार असेल तर तो मात्र यावर मिळत नाही, तिथे वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले लागतात, ते शोधायला गावी जावं लागतं, तेव्हा दिवाळीला गावी जाल तेव्हाच आजोबांच्या शाळेत एक चक्कर मारून या.