पार्श्वभूमी : लूना, बोटी आणि कॅमेऱ्याचे अंतर

दक्षिण आफ्रिकेतल्या एका ऑक्टोपसवरच्या माहितीपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले आणि मुक्त समुद्रातला प्राणी व माणूस यांच्या जवळिकीवर चित्रपट काढण्याची लाटच आली. प्राण्याला हात लावावा का, संकटात मध्ये पडावे का, त्याला नाव द्यावे का, असे प्रश्न दर नव्या चित्रपटागणिक नव्याने विचारले जातात. खरे तर यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा २००१ ते २००६ या काळात कॅनडात व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर चावून चोथा झालेला आहे. ते प्रकरण लूना नावाच्या, कळपापासून तुटलेल्या ऑर्काचे (ऑर्का म्हणजे डॉल्फिनच्या कुळातला मोठा शिकारी सागरी प्राणी). या टिपणात त्याला झुकते माप दिले आहे, ते त्यामुळेच.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये जहाजांना सोबत करणाऱ्या एका डॉल्फिनला १९०४ मध्येच सरकारी आदेशाने संरक्षण मिळाले होते. तिथेच १९५५-५६ च्या उन्हाळ्यात ओपोनोनी गावात मुलांशी चेंडू खेळणारी 'ओपो' गाजली. तिच्यासाठी नियम झाला आणि त्याच सुमारास ती मेलेली सापडली. १९५६ मध्येच कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळवणाऱ्या फ्रेंच सागरी माहितीपटात पाणबुड्यांच्या हातून खाऊ घेणारा, हेकरू जातीचा एक मोठा मासा आहे. इतर माशांना खायला घालताना तो मध्ये मध्ये करतो, म्हणून त्याला चक्क शार्करोधक पिंजऱ्यात कोंडले जाते. त्याच चित्रपटात बोटीच्या पंख्याने देवमाशाचे पिल्लू जखमी होते आणि त्याच्यावर तुटून पडलेल्या शार्कना खलाशी ठार मारतात. आज ते दृश्य बघवत नाही, पण तेव्हा त्याला साहस म्हणत.

ऑस्ट्रेलियाच्या मंकी मिया किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून डॉल्फिनना मासे चारले जात. खाऊसाठी किनाऱ्याशी रेंगाळणाऱ्या माद्यांची पिल्ले जास्त दगावतात हे ध्यानात आल्यावर खाऊ मोजून, ठरावीक माद्यांनाच आणि फक्त सकाळी, असा दंडक आला. ही अडचण आवाक्यातली होती, कारण सगळी मेख खाऊत होती आणि खाऊची बादली माणसाच्या हातात होती. लूनाच्या बाबतीत तशी बादलीच नव्हती.

लूना हा सप्टेंबर १९९९ मध्ये जन्मलेला नर ऑर्का, संशोधकांच्या यादीत एल-९८. या भागातले 'निवासी' ऑर्का जन्मभर आईच्या कळपात राहतात. म्हणून २००१ मध्ये तो कळपात दिसला नाही तेव्हा मेलाच असे धरले गेले. त्याच जुलैत तो नूटका साउंडच्या आत शिरलेल्या समुद्रात एकटा आढळला. मासे तो स्वतः पकडत होता, अंगानेही धडधाकट होता. कमी होती ती सोबतीची, आणि ती त्याने बोटींत शोधली. तो बोटींना अंग घासायचा, सुकाणूशी खेळताना ते मोडायचा, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे तरंगे ढकलायचा. त्याने काढलेले सी लायनच्या भुंकण्यासारखे आवाज पुढे शास्त्रीय अभ्यासात नोंदले गेले.

मत्स्यखात्याने धोरण ठरवले : संपर्क शून्य. बघायचे नाही, बोलायचे नाही, हात लावायचा नाही. कागदावर हे बिनतोड होते, कारण माणसाची सवय लागलेला प्राणी शेवटी पंख्यात सापडतो किंवा कुणाच्या गोळीला बळी पडतो. पण सवय मोडायची तर प्रतिसाद पूर्ण तुटावा लागतो. दहातल्या नऊ बोटी पुढे निघून गेल्या आणि दहावीने इंजिन बंद करून हात पुढे केला, तर प्राणी दहाही बोटींचा पाठलाग जास्त चिकाटीने करतो. अधूनमधून मिळणारे बक्षीस रोजच्या बक्षिसापेक्षा सवय घट्ट करते, हे प्राणी शिकवणारा कोणीही सांगेल. नूटका साउंडमध्ये लाकूडतोडीच्या बोटी होत्या, मासेमार होते, पर्यटक होते. सगळ्यांनी एकाच वेळी पाठ फिरवणे शक्यच नव्हते. गस्तीला नेमलेल्या माणसांना तर त्याला इतरांपासून दूर न्यायला स्वतःच त्याच्याजवळ जावे लागे. म्हणजे नियम राखणारी बोटच त्याची आवडती बोट व्हायची. हाताने कुरवाळल्याबद्दल एका स्त्रीवर खटला झाला, पण अडचण होती तिथेच राहिली.

दुसरा मार्ग होता. जानेवारी २००२ मध्ये सिॲटलजवळ स्प्रिंगर नावाची पोरकी ऑर्का सापडली. जूनमध्ये तिला पकडून जाळ्याच्या कुंपणात ठेवले, जंत आणि कातडीच्या दुखण्यावर उपचार केले, जुलैत बोटीने तिच्या कळपाच्या पाण्यात नेले आणि कळप जवळून जाताना सोडले. ती कळपात मिसळली. २०१३ मध्ये तिच्यासोबत तिचे पिल्लू दिसले. सापडल्यापासून सोडेपर्यंत साधारण सहा महिने लागले. लूनाच्या बाबतीत पकडण्याची मोहीम उभी राहायलाच तीन वर्षे गेली, आणि जेमतेम दोन वर्षांचा एकटा ऑर्का व पाच वर्षांचा, वजनाने वाढलेला, बोटींना सरावलेला ऑर्का यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. प्रस्तुत टिपणाच्या मते खात्याची खरी चूक या दिरंगाईत आहे, संपर्कबंदीत नाही.

जून २००४ चा बेत असा होता : बोटीमागून त्याला गोल्ड रिव्हरच्या धक्क्यालगतच्या जाळ्याच्या कुंपणात आणायचे, तपासायचे, ट्रकवर घालून बेटाच्या दक्षिण टोकाला न्यायचे, तिथे पुन्हा कुंपणात ठेवायचे आणि कळपाचा आवाज जवळ आला की सोडायचे. तिथल्या मूळ रहिवाशांनी याला विरोध केला. त्यांचा वंशपरंपरागत प्रमुख लूना प्रकट झाला त्याच सुमारास वारला होता, आणि मेल्यावर आपण ऑर्का होऊन येऊ असे तो सांगून गेला होता. शिवाय कळपाने नाकारले तर या प्राण्याची रवानगी मत्स्यालयात होईल, ही भीती निराधार नव्हती. खात्याची बोट त्याला कुंपणाकडे ओढत होती आणि होड्यांतली माणसे वल्ह्यांनी पाण्यावर ताल धरून, गाणी म्हणत त्याला उलट्या दिशेने नेत होती. काही दिवस ही रस्सीखेच चालली आणि मोहीम गुंडाळली गेली.

या विरोधाला 'अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान' असे रूप तेव्हाच्या बातम्यांत सर्रास दिले गेले. ते अन्यायाचे आहे. त्या लोकांचे म्हणणे व्यवहारातही साधे होते : त्याला कुठे जायचे ते त्याला ठरवू द्या आणि तोवर त्याला सोबत द्या. देखरेखीची सोबत, म्हणजे ठरलेल्या माणसांनी, ठरलेल्या बोटीतून, रहदारीपासून दूर दिलेली, असा प्रस्ताव पुढे आला होता. खात्याने तो मानला नाही. १० मार्च २००६ रोजी लूना एका मोठ्या ओढनौकेजवळ गेला आणि तिच्या पंख्यात सापडून मेला.

या घटनांवरचा माहितीपट २००७ मध्ये आला आणि नव्याने संकलित होऊन २०११ मध्ये पुन्हा आला. तो करणारे दोघे आले होते एका मासिकासाठी लेख लिहायला, पण तिथेच राहिले आणि शेवटी लूनाला बोटींपासून दूर ठेवायला स्वतःही मध्ये पडले. नियम पाळून त्याला जवळून टिपणे शक्यच नव्हते. पडद्यावरचा जवळचा प्रत्येक शॉट म्हणजे कोणीतरी नियम मोडल्याचा पुरावा.

इतके जवळ जाण्याला तांत्रिक कारणही आहे. त्या पाण्यात उन्हाळ्यात प्लवकांमुळे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे) काही मीटरपलीकडचे धड दिसत नाही. पाच-सहा मीटर खाली लाल रंग जवळपास नाहीसा होतो. म्हणून पाण्याखाली घुमटाकार काचेमागे रुंद कोनाची भिंग लावतात आणि प्राण्यापासून मीटरभर अंतरावर जातात. अशा भिंगाने जवळचे मोठे आणि मागचे लांब दिसते, त्यामुळे पुढे आलेला हात, तोंड किंवा चूषक (ऑक्टोपसच्या बाहूवरची चिकटणारी वाटी) प्रत्यक्षापेक्षा अधिक 'आपल्याकडे' आल्यासारखा वाटतो. आवाज बहुतेक नंतर भरलेला असतो, कारण कॅमेऱ्याच्या पेटीत हाताळणीची खडखडच जास्त येते. उरलेले काम संकलनमेजावर : प्राण्याचा डोळा, माणसाचा चेहरा, पुन्हा डोळा. दोन्ही शॉट एकाच दिवशी घेतलेले असतीलच असे नाही.

आता अंतराचे आकडे. कॅनडात २०१८ च्या नियमांनी बहुतेक देवमासे व डॉल्फिन यांच्यापासून साधारण १०० मीटर आणि लूनाच्या कळपाच्या पाण्यात २०१९ मध्ये ऑर्कांपासून ४०० मीटर अंतर ठरवले. दक्षिण आफ्रिकेत परवान्याशिवाय देवमाशाच्या ३०० मीटरच्या आत जाता येत नाही. ऑक्टोपसला असे वर्तुळ नाही. जवळिकीचे चित्रपट सस्तन प्राण्यांकडून चूषकवाल्यांकडे वळले यात कायद्याचा वाटा प्रेरणेपेक्षा कमी नसावा. ज्या फॉल्स बेमध्ये तो ऑक्टोपस चित्रित झाला, तिथली ऑक्टोपसची सापळा-मासेमारी जून २०१९ मध्ये स्थगित झाली ती सापळ्यांच्या दोरांत देवमासे अडकून मेल्यामुळे. ऑक्टोपसचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या चित्रपटात पायजमा शार्क ऑक्टोपसचा एक बाहू तोडते आणि माणूस मध्ये पडत नाही. यावर भरपूर लिहिले गेले, पण बाहू पुन्हा उगवणाऱ्या आणि वर्ष-दीड वर्षच जगणाऱ्या प्राण्याबाबत हा निर्णय तुलनेने सोपा होता. मादी अंडी घातल्यावर खाणे सोडते आणि मरते. चित्रपटाला शेवट आपोआप मिळतो. ऑर्का अनेक दशके जगतो, त्यामुळे त्याच्याबाबत घेतलेला निर्णय तितकीच वर्षे निस्तरावा लागतो.

नॉर्वेने दोन्ही टोके पाहिली. ऑस्लोच्या खाडीत बोटींवर चढून बसणारी फ्रेया ही वॉलरस (सीलसारखा, लांब सुळ्यांचा प्राणी) ऑगस्ट २०२२ मध्ये अधिकाऱ्यांनी मारली; लोक सांगूनही दूर राहत नाहीत, हे कारण दिले. एप्रिल २०१९ मध्ये पट्टा बांधलेल्या अवस्थेत सापडलेला ह्वाल्दिमिर हा बेलुगा (पांढरा देवमासा) २०२४ च्या ऑगस्टअखेरीस मेला. गोळी घातल्याचा आरोप झाला, पण तपासणीत त्याचा पुरावा मिळाला नाही. तोंडात ३५ सेंटिमीटरची काठी अडकलेली होती.

आपल्याकडे हा प्रकार वेगळ्या वाटेने आला. गुजरातेत व्हेल शार्कच्या कत्तलीवर २००० मध्ये माहितीपट झाला आणि २००१ मध्ये तो मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो. गडबड होते ती इथेच : नीट दिसावा म्हणून मासा दोराने बोटीलगत उचलला, तर कल्ल्यांतून पाणी वाहायचे थांबते. मासा पाण्यातच ठेवावा, एकाने जाळे कापावे आणि दुसऱ्याने ते कापणे सुरू असतानाच मोबाइल चालू ठेवावा.