काउंटीचा बांधकाम परवाना (अमेरिका)

अमेरिकेत घर, दुकान किंवा अन्य इमारत उभारण्यापूर्वी, तिच्यात मोठा फेरफार करण्यापूर्वी किंवा तिचा वापर बदलण्यापूर्वी स्थानिक शासनाकडून घ्यावी लागणारी लेखी परवानगी. जागा शहराच्या हद्दीत असेल तर ती शहर देते, हद्दीबाहेर असेल तर बहुतेक राज्यांत काउंटी देते. काउंटीला मराठीत सरसकट ‘जिल्हा’ म्हणतात, पण तिथे सरकारने वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. कारभार बहुधा निवडून आलेल्या मंडळाकडे असतो आणि बांधकाम खाते त्याच्या हाताखाली चालते.

हद्द

परवाना मागायचा कोणाकडे, इथेच अनेकांची पहिली फेरी वाया जाते. टपालाच्या पत्त्यात शहराचे नाव असले म्हणून जागा त्या शहरात असतेच असे नाही. लॉस एंजेलिस काउंटीत ८८ स्वतंत्र शहरे आहेत, तरीही सुमारे १० लाख लोक कोणत्याच शहरात न मोडणाऱ्या भागांत राहतात. अशा भागाला तिकडे ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणतात आणि तिथली महापालिका म्हणजे काउंटीच.

जानेवारी २०२५ मध्ये याच काउंटीत पेटलेल्या वणव्यांत ही रेघ सगळ्यांना दिसली. ईटन वणव्यात ९,००० हून अधिक इमारती गेल्या, त्यांतल्या बहुतांश अल्टाडेना भागात. अल्टाडेना शहर नव्हे, त्यामुळे घर पुन्हा उभे करायला तिथल्या रहिवाशांना काउंटीच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जावे लागले. त्याच दिवशी पेटलेल्या दुसऱ्या वणव्यात पॅसिफिक पॅलिसेड्स जळाले, पण ते लॉस एंजेलिस शहरात असल्याने तिथल्यांसाठी शहराचे खाते. जुन्या घराच्या जागी, पायाचे क्षेत्र आणि उंची यांच्या ११० टक्क्यांच्या आत नवे घर बांधणाऱ्यांना राज्यपालांच्या आदेशाने पर्यावरण आढाव्यातून सूट मिळाली. आगीपासून बचावाचे बांधकाम नियम मात्र कायम राहिले.

हे चित्र देशभर सारखे नाही. लुइझियानात काउंटीऐवजी ‘पॅरिश’ असतात. कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये काउंटीचे शासनच नाही, परवाना गाव देते. टेक्ससमध्ये काउंटीचे अधिकार इतके तुटपुंजे आहेत की ग्रामीण भागात अनेक ठिकाणी सेप्टिक टँक आणि पूररेषा एवढ्याच गोष्टींसाठी तिच्याकडे जावे लागते.

नियम कोठून येतात

संपूर्ण देशाला लागू असा एकच बांधकाम कायदा अमेरिकेत नाही. बांधकामाचे नमुना नियम तयार करणाऱ्या तीन प्रादेशिक संस्थांनी १९९४ मध्ये एकत्र येऊन इंटरनॅशनल कोड कौन्सिल स्थापन केली आणि २००० मध्ये तिची पहिली एकत्रित नियमावली निघाली. दर ३ वर्षांनी नवी आवृत्ती येते. नावात ‘इंटरनॅशनल’ असले तरी प्रकरण मुख्यतः अमेरिकेचेच. राज्ये आणि काउंट्या ही नमुना नियमावली स्वीकारतात आणि आपल्या भूमीप्रमाणे तिच्यात भर घालतात. कॅलिफोर्नियात भूकंप, उत्तरेकडे गोठणाऱ्या जमिनीची खोली, फ्लोरिडात वारा.

वाऱ्याच्या बाबतीत मायामी-डेड काउंटीचा दबदबा आहे. ऑगस्ट १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात दक्षिण फ्लोरिडातली हजारो घरे उडाली आणि नियम कागदावर असून तपासणी ढिसाळ होती हे उघड झाले. आज तिथे खिडकी बसवायची तर तिला मान्यता लागते, आणि मान्यतेसाठी सुमारे ४ किलोचा लाकडी वासा तोफेतून तिच्यावर ताशी ५५ किलोमीटर वेगाने मारून पाहतात. काचेला तडे गेले तरी चालतात, आरपार भोक पडता कामा नये.

अर्ज, नकाशे, शुल्क

सर्वांत आधी झोनिंग. त्या जमिनीवर घर चालते की दुकान, हद्दीपासून किती अंतर सोडायचे (आपल्याकडचे सामासिक अंतर), उंची किती, गाड्या किती उभ्या राहायला हव्यात. अशा विभागणीला सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात मान्यता दिली. शहरी गटारयोजना नसेल तर आरोग्य खाते जमिनीत पाणी कसे मुरते ते पाहते. पाणी मुरत नसेल तर साधी सेप्टिक व्यवस्था मंजूर होत नाही, मग नकाशा कितीही देखणा असो.

यानंतर नकाशे ‘प्लॅन चेक’ला, म्हणजे खात्याकडून नियमांप्रमाणे तपासून घ्यायला जातात. पहिल्याच फेरीत सही मिळण्याची आशा अनुभवी आर्किटेक्ट ठेवत नाही. दुरुस्त्यांची यादी येते, तिला मुद्देसूद उत्तरे देऊन नकाशे पुन्हा दाखल होतात. आता बहुतेक मोठ्या काउंट्यांत हे सारे ऑनलाइन चालते.

प्रत्येक गोष्टीला परवाना लागत नाही. रंगकाम, फरशी, स्वयंपाकघरातली कपाटे यांना सूट असते. नमुना नियमावलीत २०० चौरस फुटांपर्यंतची एकमजली सुटी शेडही मोकळी आहे, कॅलिफोर्नियात ही मर्यादा १२० चौरस फूट. पण त्याच शेडमध्ये वीज ओढली की त्या कामाचा परवाना आलाच.

शुल्क बहुधा कामाच्या अंदाजित किमतीवर ठरते. खरी कळ लागते ती त्याच्या जोडीला येणाऱ्या विकास आकारांमुळे. कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीत जॉर्ज शीट्झ यांना आपल्या जमिनीवर कारखान्यात तयार झालेले घर ठेवायचे होते. परवान्यासाठी काउंटीने रहदारीवरील परिणामापोटी २३,४२० डॉलर मागितले. त्यांनी ते निषेध नोंदवून भरले आणि दावा लावला. १२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, आकार लोकनियुक्त मंडळाने सरसकट ठरवला म्हणून तो घटनात्मक कसोटीतून सुटत नाही. प्रत्येक घराचा हिशेब वेगळा करायला हवा का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने मोकळा ठेवला.

तपासण्या

महाराष्ट्रातल्या घरमालकाला जोत्याची तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे टप्पे परिचयाचे असतात. अमेरिकेत त्या दोहोंच्या मध्ये आणखी चार-पाच येतात, आणि या व्यवस्थेचा जीव तिथेच आहे. पायाचा चर खणून सळया बांधल्या की काम थांबते. इन्स्पेक्टर येतो, चरात टेप सोडतो, सळया मातीपासून ३ इंच वर कव्हर ब्लॉकवर बसल्या आहेत का ते वाकून पाहतो आणि साइटवरच्या कार्डावर सही करतो. त्या सहीशिवाय काँक्रीटचा ट्रक बोलवायचा नाही.

अमेरिकेतली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. सांगाडा उभा राहून वायरी, पाइप आणि हवेच्या नळ्या त्यातून गेल्या, की भिंती झाकण्याआधी पुन्हा तपासणी. उतावीळ ठेकेदाराने आधीच जिप्समचे पत्रे ठोकले तर ते उखडावे लागतात. पुढे उष्णतारोधक थर, मग अंतिम तपासणी, आणि शेवटी वापराचे प्रमाणपत्र. विनापरवाना काम सापडले तर ‘काम थांबवा’ अशी नोटीस दारावर चिकटते. नमुना नियमांप्रमाणे १८० दिवसांत काम सुरू झाले नाही, किंवा मध्येच तेवढे दिवस बंद राहिले, तर परवाना संपतो.

व्यापारी व सार्वजनिक इमारती

इथे भिंतींपेक्षा वापराचा वर्ग महत्त्वाचा. कपड्यांच्या दुकानाच्या जागी कोणी भारतीय जेवणाचे हॉटेल काढतो तेव्हा इमारत तीच, पण वर्ग बदलतो. टेबल-खुर्च्यांच्या जागेत माणशी १५ चौरस फूट धरतात, म्हणजे ७५० चौरस फुटांच्या जेवणघरात ५० माणसे. हा आकडा ४९ पर्यंत असेल तोवर साधारणपणे एक दार चालते, पन्नासाव्या माणसाबरोबर दुसरे दार लागते आणि जागा ‘सभा’ वर्गात जाते. त्यामुळे मालक आणि आर्किटेक्ट एका टेबलावरून तास तास वाद घालतात. शिवाय आरोग्य खात्याची मंजुरी, सांडपाण्यातले तेल अडवणारी टाकी, चुलींवर आग विझवण्याची सोय असलेले हूड आणि अपंगांसाठीची १९९० च्या कायद्याची पूर्तता. तंदूर कोळशाचा असेल तर त्याचा धूर गॅसच्या चुलींच्या नळीत सोडता येत नाही, त्याला वेगळी नळी लागते.

प्रार्थनास्थळांना अनेक झोनमध्ये विशेष वापर परवानगी घ्यावी लागते. तिची जाहीर सुनावणी होते आणि शेजारी रहदारी, आवाज, पार्किंग यांवर हरकती घेतात. कॅलिफोर्नियातल्या सटर काउंटीत एका शीख संस्थेला गुरुद्वारासाठी आधी निवासी जागा नाकारली गेली, म्हणून तिने शेतजमीन घेतली, तर तीही नाकारली. धार्मिक जमीनवापराविषयीच्या २००० च्या संघीय कायद्याच्या आधारे नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने २००६ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मंदिरासाठी जागा पाहणाऱ्या भारतीय मंडळींना हा निकाल माहीत असलेला बरा.

जुने, बिनपरवान्याचे काम

गॅरेजची खोली करणे हा यातला नेहमीचा प्रकार. बांधताना कोणी विचारत नाही, गाठ पडते ती घर विकताना. खरेदीदार काउंटीच्या नोंदी पाहतो आणि तिथे अजून गॅरेजच असते. असे काम मागाहून नियमित करता येते, पण शुल्क बहुधा दंडासह भरावे लागते, आणि आतली वायर पाहण्यासाठी रंगवलेली भिंत उघडायला खाते सांगू शकते.