ऑब्जेक्ट डिस्कवर उतरवण्यामागची पार्श्वभूमी

चालू प्रोग्रॅममधील ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती आणि तिच्यावरील क्रिया यांचा एकत्र गठ्ठा, डिस्कवर साठवून नंतर परत मिळवणे हे वरवर पाहता फाइल लिहिण्याइतके साधे काम वाटते. अडचण सुरू होते ती पॉइंटरपाशी. एक ऑब्जेक्ट दुसऱ्याचा मेमरीतील पत्ता धरून असतो आणि प्रोग्रॅम बंद होताच तो पत्ता निरर्थक ठरतो. दोन ऑब्जेक्ट एकाच तिसऱ्याकडे बोट दाखवत असतील, तर परत वाचल्यावरही तो तिसरा एकच राहिला पाहिजे. आणि फिरून स्वतःपाशीच येणारी साखळी लिहिताना प्रोग्रॅम अनंत फेऱ्यांत अडकता कामा नये.

झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात घडलेल्या स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेने हा प्रश्न सोडवण्याऐवजी टाळला, असे म्हणता येईल. तिथे सगळे ऑब्जेक्ट, त्यांचे क्लास (ऑब्जेक्टचे साचे) आणि चालू असलेली कामेसुद्धा ‘इमेज’ नावाच्या एकाच फाइलमध्ये उतरवली जात. स्कॉटलंडमध्ये माल्कम ॲटकिन्सन, रॉन मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी पीएस-अल्गॉल ही भाषा मांडली, तिच्यात मूळ बिंदूपासून जिथवर पोहोचता येते ती सर्व माहिती भाषा स्वतःच टिकवून ठेवत असे. कल्पना देखणी होती, पण अशी माहिती त्याच व्यवस्थेत नांदत असे. एखादा ऑब्जेक्ट उचलून परक्या प्रोग्रॅमच्या हाती देणे हा वेगळाच प्रश्न उरला.

त्या प्रश्नाची नेमकी मांडणी मॉरिस हर्लिही आणि बार्बरा लिस्कोव्ह यांच्या १९८२च्या निबंधात सापडते. एकाच अमूर्त प्रकाराची (म्हणजे बाहेरून कसा वापरायचा एवढेच ठरलेल्या प्रकाराची) आतली रचना दोन ठिकाणी वेगवेगळी असू शकते, म्हणून प्रत्येक प्रकाराने स्वतःचे मूल्य एका सामाईक बाह्य रूपात कसे न्यायचे आणि त्यातून परत कसे आणायचे हे सांगावे, असा त्यांचा मार्ग होता. त्यात सामाईक संदर्भ आणि चक्राकार रचना यांचाही विचार होता. पुढची बहुतेक साधने, मान्य करोत वा न करोत, याच चौकटीत बसतात.

पायथन भाषेतील पिकल आणि १९९७मध्ये जावा भाषेच्या १.१ आवृत्तीसोबत आलेले सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट बाइटच्या ओळीत उतरवण्याची सोय) यांनी ही सोय सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हाती दिली. दोन्हींत एकदा लिहिलेल्या ऑब्जेक्टला क्रमांक मिळतो आणि तो पुन्हा भेटल्यास केवळ त्या क्रमांकाचा निर्देश होतो. दोन्हींत क्लासचे नाव साठवले जाते, त्याचा कोड नव्हे. त्यामुळे क्लास बदलला की जुनी फाइल नव्या प्रोग्रॅमला कळेलच याची खात्री राहत नाही. जावाने त्यासाठी प्रत्येक क्लासला आवृत्तीचा एक आकडा जोडला आणि तो जुळला नाही तर वाचन नाकारले.

खरा धोका मात्र वाचनाच्या क्रियेतच दडलेला होता. जावामध्ये असा ऑब्जेक्ट परत उभा राहताना त्याच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट घडवताना एरवी चालणारा कोड, चालतच नाही, म्हणजे तिथे घातलेल्या तपासण्या वगळल्या जातात. उलट क्लासने वाचनासाठी लिहिलेली मेथड (क्लासमधील फंक्शन) आपोआप चालते. पिकलची फाइल तर एका छोट्या स्टॅक-यंत्रासाठीची (मूल्यांची चळत रचून काम करणाऱ्या काल्पनिक यंत्रासाठीची) आज्ञावली असते आणि त्यातील एक आज्ञा नाव दिलेले फंक्शन थेट बोलावते. अनोळखी फाइल उघडणे म्हणजे अनोळखी कोड चालवणे, हे जाणकारांना ठाऊक होते. तरीही त्याचे गांभीर्य सर्वत्र पटायला २०१५ साल उजाडावे लागले. त्या जानेवारीत क्रिस फ्रोहॉफ आणि गेब्रिएल लॉरेन्स यांनी दाखवले की अपाची कॉमन्स कलेक्शन्ससारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतील निरुपद्रवी क्लास साखळीत ओवले, तर केवळ वाचनातून हवी ती आज्ञा चालवता येते. वर्ष संपण्यापूर्वी वेबलॉजिक, वेबस्फिअर आणि जेन्किन्स या जावावर चालणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर हाच मार्ग चालतो हे सिद्ध झाले. जावा ९मध्ये वाचताना कोणते क्लास चालतील याची गाळणी आली. मायक्रोसॉफ्टने आपल्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेतील याच कामाचा बायनरी-फॉरमॅटर आधी कालबाह्य ठरवला आणि २०२४च्या डॉटनेट ९मधून त्याची अंमलबजावणीच काढून टाकली.

दरम्यान जेसन आणि २००८मध्ये खुले झालेले प्रोटोकॉल बफर्स या दोन फॉरमॅटनी केवळ माहिती लिहिण्याचा मार्ग रुळवला. जेसनमध्ये सामाईक संदर्भ टिकत नाहीत, चक्र लिहिता येत नाही आणि तारीखसुद्धा स्ट्रिंग होऊन बसते. पण वाचताना क्लास निवडण्याचा अधिकार फाइलकडे नसून वाचणाऱ्याकडे असतो, आणि माझ्या मते हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचाच आहे.

मशीन लर्निंगच्या लाटेत तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, कारण पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीची प्रशिक्षित मॉडेल पिकलमध्ये साठवली जात आणि अनोळखी लोकांकडून बिनदिक्कत उतरवून घेतली जात. २०२२मध्ये, मॉडेल वाटून घेण्याचे संकेतस्थळ चालवणाऱ्या हगिंग फेसने मांडलेल्या सेफटेन्सर्स या फॉरमॅटमध्ये आरंभी जेसनचा मथळा आणि त्यामागे आकड्यांचे कच्चे बाइट एवढेच असते. पायटॉर्चनेही जानेवारी २०२५मधील २.६ आवृत्तीपासून, वेगळे सांगितल्याशिवाय, फाइलमधून केवळ वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) आणि मोजके ठरावीक प्रकारच वाचण्याचे धोरण स्वीकारले.