मद्यजन्य स्वादुपिंडदाह : आनुवंशिक प्रवणता

मद्यपानामुळे स्वादुपिंडाला सूज येण्याची व ते हळूहळू निकामी होण्याची, जन्मतः मिळालेल्या जनुकीय बदलांनी वाढलेली शक्यता. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांपैकी शंभरात पाचांनाही हा आजार होत नाही. एकाच तवेर्नात (गोव्यातल्या दारूच्या गुत्त्यात) रोज बसणाऱ्या दोघांपैकी एकालाच तो का गाठतो, याचे उत्तर काही अंशी रक्ताच्या नात्यात असते. म्हणून आजारी पडलेला माणूस दुसऱ्यापेक्षा जास्तच पीत असणार, असा ठपका त्याच्यावर ठेवणे चूक आहे.

स्वादुपिंड ही ग्रंथी प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन हे विकर निष्क्रिय रूपात तयार करते. ते लहान आतड्यात गेल्यावर सक्रिय होते. ग्रंथीतच सक्रिय झाले, तर ते ग्रंथीलाच पचवू लागते. १९९६ मध्ये पीआरएसएस-१ जनुकातील बदल आनुवंशिक स्वादुपिंडदाहाचे कारण म्हणून सापडला. अशा घराण्यांत दारूला न शिवलेल्या मुलांनाही स्वादुपिंडदाहाचे झटके येतात. स्पिंक-१ जनुकाचे प्रथिन अकाली सक्रिय झालेल्या ट्रिप्सिनला आवरते. त्यातील एन-३४-एस हा बदल शंभरात एखाद्या-दुसऱ्या निरोगी माणसातही असतो. एकटा तो सहसा आजार आणत नाही. दारूची जोड मिळाली की धोका वाढतो. दक्षिण भारतात दारू न पिणाऱ्या तरुणांना होणाऱ्या स्वादुपिंडदाहातही तो वारंवार आढळतो. २०१२ मध्ये क्लॉडिन-२ जनुकाजवळचा बदल मद्यजन्य आजाराशी जोडला गेला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे त्याची एकच प्रत, त्यामुळे सदोष प्रतीला सावरणारी दुसरी नसते. पुरुषांत हा आजार अधिक दिसण्याचे हे एक कारण मानतात.

गोव्यात काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिचा अभिमान रास्तच आहे. पण फेणी घरची, भाटीवरची (गावच्या भट्टीवर गाळलेली), म्हणून बाधत नाही हा समज घातक आहे. सुमारे ४२ टक्के तीव्रतेच्या फेणीच्या एका क्वार्टरमध्ये (१८० मिलि) जवळपास ६० ग्रॅम अल्कोहोल असते. रोज एवढे घेणारा धोक्याच्या पट्ट्यातच असतो. विडी-सिगारेटने धोका आणखी वाढतो.

वरच्या पोटातून पाठीत जाणारी, पुढे वाकल्यावर थोडी हलकी होणारी कळ पुष्कळदा ‘गॅस’ म्हणून अंगावर काढली जाते. वडील, काका वा भावाला अशी पोटदुखी होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आजार पस्तिशीच्या आत सुरू झाला किंवा घरात आणखी कुणाला असला, तर जनुकचाचणीचा विचार होतो. चाचणीत दोष निघाला नाही, तरी दारू निर्धोक ठरत नाही.