दगड झालेली दाढ

उन्हाळ्यात गोदावरीचं, मांजरेचं पाणी आटलं की दरडीखालचे गोटे उघडे पडतात. त्यात एखादा गोटा वेगळाच निघतो. आकाराच्या मानानं जड, एका अंगाला काळपट चकाकी, आणि वरच्या सपाट भागावर उभ्या लावलेल्या वह्यांच्या कडांसारख्या समांतर पट्ट्या. असा गोटा हातात आला तर तो खाली टाकू नका. ती हत्तीची दाढ असू शकते, आणि तिचा मालक आजच्या हत्तीचा फार जुना, नामशेष झालेला नातलग असू शकतो.

ही नुसती कल्पना नाही. 1905 साली भूशास्त्रज्ञ गाय पिल्ग्रिम यांनी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात मिळालेल्या अशाच हत्तीची नोंद प्रसिद्ध केली. त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावातलं ‘नॅमॅडिकस’ हे नर्मदेवरून आलंय. नर्मदाकाठची सुरुवातीची हाडं गोळा करणाऱ्यांमध्ये स्पिल्सबरी नावाचे एक डॉक्टर होते. 1830च्या दशकात त्यांनी नरसिंहपूरच्या परिसरातले जीवाश्म जमवून त्यांची माहिती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवली. पेशानं वैद्य, पण नदीपात्रातलं वेगळेपण त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. हौशी माणसाचं या शास्त्रातलं स्थान इतकं जुनं आहे.

मला लोक फोटो पाठवतात. त्यातले बरेचसे ‘हाडं’ म्हणून आलेले चुनखडीचे लांबट गोळे असतात. फरक तुटलेल्या टोकाशी दिसतो. हाडाला बाहेर घट्ट कवच आणि आत स्पंजासारखी जाळी असते, चुनखडीचा गोळा आतून-बाहेरून सारखाच. रंगावर मात्र अजिबात जाऊ नये. काळं म्हणजे जुनं असं नसतं, गाळातलं लोह आणि मँगनीज झिरपून तो रंग येतो. जिभेला चिकटलं की जीवाश्म, हेही खरं नाही. वाळून कोरडं झालेलं अलीकडचं हाडसुद्धा चिकटतं. आणि शोधायचं ते काळ्या कातळात नाही, तो तर लाव्हा. नदीनं आणून टाकलेल्या गाळात आणि घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत बघायचं.

हाडापेक्षा दात मिळाला तर माझा जीव हरखतो. इनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाचा, जवळजवळ 96 टक्के भाग खनिजाचा असतो, त्यामुळे हाडाचा भुगा झाला तरी दात टिकतो. शिवाय प्राणी काय खायचा आणि कोणत्या कुळातला होता, हे दाढेच्या चावायच्या बाजूवर कोरलेलं असतं.

हत्तीचंच घ्या. त्याच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात सहा दाढा येतात, पण एका वेळी एखाद-दुसरीच कामात असते. नवी दाढ खालून वर येत नाही, मागून पुढे सरकते आणि झिजलेली पुढून तुकड्या-तुकड्यांनी गळून जाते. पट्ट्या किती, किती दाट, इनॅमल किती जाड, यावरून जात ओळखतात; दाढ कितवी आणि किती झिजली, यावरून त्या हत्तीचं वय. पट्ट्यांऐवजी छपरासारखे बुटके कंगोरे दिसले, तर तो स्टेगोडॉन, हत्तीचाच दूरचा भाऊबंद.

गाय-बैल आणि घोडा यांच्या दाढांची गल्लत फार होते. दोन्ही उंच, दोन्ही गवत खाणाऱ्यांच्या. दाढ उन्हात तिरकी धरा. गाय-बैल-म्हशीच्या दाढेवर इनॅमलच्या चंद्रकोरी दिसतात आणि दोन कोरींच्या मधल्या फटीत बाजूला एक बारीकसा खांब उभा असतो. शेळी-मेंढीत तो सहसा नसतो. घोड्याच्या दाढेवर कोरी साध्या नसतात, रांगोळीतल्या वळणांसारखी गुंतागुंतीची नक्षी असते. वरच्या जबड्यातली दाढ चौकोनी, खालची अरुंद आणि लांबट. पाणघोडा आज भारतात रानात कुठेही नाही, पण पूर्वी आपल्या नद्यांत होता. त्याच्या झिजलेल्या दाढेवर तीन पाकळ्यांच्या पानासारखा ठसा उमटतो. तो एकदा पाहिला की विसरता येत नाही.

हाडांत घोट्याचं हाड सगळ्यात बोलकं. दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांत त्याच्या दोन्ही टोकांना विहिरीवरच्या रहाटासारखी खाच असते, घोड्यात एकाच टोकाला. बरगडीच्या तुकड्यावरून मात्र कोणाकडूनही नाव वदवून घेऊ नये.

आता अडचणीची गोष्ट. बैलाची दाढ ओळखली म्हणजे ती जुनी ठरत नाही. गेल्या वर्षी मेलेल्या बैलाची आणि हजारो वर्षांपूर्वीच्या रानटी बैलाची दाढ त्याच वाळूत शेजारी-शेजारी पडलेली असते. जुनेपणा सांगतो तो थर. म्हणून दाढ दरडीत रुतलेली असेल तर उपटू नका. बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. एक चावायच्या बाजूचा अगदी सरळ वरून, एक बाजूनं, एक मुळाचा, आणि एक लांबून, ज्यात सगळी दरड दिसेल. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांची हाडं ताडून पाहायला संग्रह आहे, तिथे असा फोटो उपयोगी पडतो. घासून-पुसून, तेल लावून शोकेसमध्ये ठेवलेली दाढ पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. तिच्या भेगांत बसलेली माती, म्हणजे तिचा पत्ता, पुसून गेलेला असतो.

तो पत्ता किती मोलाचा, ते अमेरिकेतल्या एका दातानं दाखवलंय. नेब्रास्कात स्नेक क्रीकच्या थरांत हॅरल्ड कुक यांना एक झिजलेला दात मिळाला. 1922 मध्ये तो त्यांनी न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे प्रमुख हेन्री ऑस्बॉर्न यांच्याकडे पाठवला. ऑस्बॉर्न यांनी तो मानवसदृश वानराचा ठरवला आणि नवं नावही दिलं, ‘हेस्पेरोपिथेकस’. लंडनच्या एका साप्ताहिकात तर त्या एका दातावरून आदिमानवाच्या जोडप्याचं चित्र छापून आलं. खरं तर 1909 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ मॅथ्यू यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात याच कुक यांनी बजावलं होतं की पेकरी, म्हणजे तिथल्या डुकरासारख्या प्राण्याचे दात माकड-मानव गटातल्या दातांसारखे दिसतात आणि त्यांची ओळख नसलेला माणूस सहज फसेल. पण इथे झिजेनं दाताच्या खुणाच बुजवल्या होत्या.

दात कुठल्या थरातला हे ठाऊक होतं, म्हणून संग्रहालयाची माणसं त्याच जागी पुन्हा खणायला गेली. तिथे आणखी नमुने निघाले, आणि ते पेकरीचे होते. 1927 मध्ये ऑस्बॉर्न यांचे सहकारी विल्यम ग्रेगरी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहून ती ओळख मागे घेतली.