प्रारूप विकास आराखड्यावर हरकत किंवा सूचना कशी नोंदवायची? पात्रता, अर्ज, कागदपत्रे

महापालिका किंवा नगरपरिषद शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी ते दाखवणारा मंजुरीआधीचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध करते, तेव्हा राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस येते. ती बारीक अक्षरात असते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पुढची वीस वर्षं आपल्या गल्लीत रस्ता रुंद होणार की नाही, मोकळी जागा बाग राहणार की वाहनतळ होणार, हे त्या नकाशावर ठरतं. म्हणून ही नोटीस चुकवू नका.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते. मुंबईत ती ६० दिवसांची दिली गेली होती. नोटिशीत छापलेली शेवटची तारीख तेवढी प्रमाण माना.

अर्ज कोणी करायचा? कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं म्हटलं आहे. जागेची मालकी लागत नाही. भाडेकरू, झोपडपट्टीतले रहिवासी, पथारीवाले, महिला मंडळ, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांना अर्ज करता येतो. “आमच्या नावावर सातबारा नाही, आम्ही काय बोलणार?” असं म्हणून लोक मागे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्या मैदानावर रोज खेळणारी मुलं त्यांचीच असतात.

अर्ज लिहिण्याआधी नकाशा पाहा. तो कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो आणि किंमत भरून प्रतही मिळते. आपल्या भागाचा नकाशा घ्या, चार-पाच शेजारी जमवा आणि तो हातात धरून पायी फिरा. विहीर, वडाचा पार, नाला, शाळेची मागची वाट, आठवडी बाजाराची जागा नकाशावर आहेत का, ते बघत चला. जे नसेल त्याच्या जागी खूण करा, फोटो काढा. विद्यमान जमीन वापराचा, म्हणजे आज कोणती जागा कशी वापरात आहे त्याचा, नकाशाही मागून बघा, कारण तिथेच चूक असेल तर प्रस्तावित नकाशात ती तशीच उतरते. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या मुंबईच्या प्रारूपात अशा चुका इतक्या निघाल्या आणि हरकतींचा असा ढीग पडला, की एप्रिलमध्ये राज्य सरकारने ते दुरुस्त करून नव्याने करायला सांगितलं. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आलं.

हरकत लेखीच हवी. हरकतीसाठी कायद्यात फी ठेवलेली नाही. नोटिशीत ज्या अधिकाऱ्याचं पदनाम असेल त्याच्या नावे साधा अर्ज चालतो. त्यात नाव, पत्ता, मौजे, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आराखड्यातला आरक्षण क्रमांक (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचा नंबर) आणि आपली मागणी स्पष्ट लिहा. नमुना असा:

“मौजे …, स. नं. … येथे प्रारूप आराखड्यात वाहनतळाचे आरक्षण दाखवले आहे. ही जागा प्रत्यक्षात खेळाचे मैदान म्हणून वापरात आहे. तरी येथे ‘क्रीडांगण’ असे आरक्षण दाखवावे. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.”

शेवटचं वाक्य गाळू नका. कलम २८ खाली सुनावणी होते, ती अर्जातच मागून ठेवा. “आमच्यावर अन्याय झाला आहे” एवढंच लिहिलेल्या अर्जावर सुनावणी घेणाऱ्या समितीला काही करता येत नाही. नंबर आणि नेमकी मागणी असेल तर तिला त्यावर नेमकी शिफारस करता येते.

कागदपत्रांत सर्वात महत्त्वाची म्हणजे भाग नकाशाची खूण केलेली प्रत आणि फोटो. मालक असाल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि असल्यास मंजूर बांधकाम नकाशा जोडा. भाडेकरूंनी भाडेपावती किंवा वीजबिल, संस्थेने ठरावाची प्रत जोडावी. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा, ज्याला जे दिसतं ते त्याने आपल्या शब्दांत लिहिलेले दहा अर्ज मला अधिक मोलाचे वाटतात. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना वा पर्यावरणाचे जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. वेळ थोडा मिळतो, तेव्हा नकाशावर बोट ठेवून बोला. समितीच्या अहवालानंतर पालिका बदल करते, ते प्रसिद्ध करते आणि आराखडा सरकारकडे मंजुरीला जातो. सरकारने त्यात सारभूत, म्हणजे मोठे, बदल सुचवले तर कलम ३१ खाली पुन्हा नोटीस निघते आणि पुन्हा हरकत घेता येते. पहिल्या वेळी मान्य झालेली मागणी इथे पुसली जाऊ शकते, म्हणून जुनी पोच जपून ठेवा आणि नव्या अर्जाला तिची प्रत जोडा.