युद्धासाठी लोकमत घडवणे

युद्ध पुकारण्यापूर्वी, किंवा ते पेटल्यावर लगेच, जनतेने त्याच्या पाठीशी उभे राहावे म्हणून राज्यकर्ते करतात ती पद्धतशीर राजकीय मोहीम. सैनिक, कर आणि संसदेतली मते शेवटी लोकांकडूनच यायची असल्याने लोकशाहीत तिची गरज उघड आहे. हुकूमशहांनाही ती चुकत नाही. ३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री नाझींनी जर्मनीतल्याच ग्लायवित्झच्या रेडिओ केंद्रावर पोलिश हल्ल्याचा बनाव रचला आणि दुसऱ्याच दिवशी पोलंडवर चाल केली. ‘सुरुवात त्यांनी केली’ हे लोकांना पटवणे हा या मोहिमेचा गाभा.

अमेरिकेत वुड्रो विल्सन १९१६ ची निवडणूक ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’ या प्रचारावर जिंकले. एप्रिल १९१७ मध्ये त्यांनीच देशाला युद्धात उतरवले आणि पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या हाती प्रचारसमिती दिली. चित्रपटगृहात रीळ बदलायला लागणाऱ्या चार मिनिटांत स्वयंसेवक उठून भाषण करीत. असे सुमारे ७५,००० वक्ते देशभर होते. बोलणारा आपल्याच गावचा, ओळखीचा. म्हणून शब्दाला वजन येई.

आकडेवारीपेक्षा एका चेहऱ्याची कहाणी जास्त काम करते. इराकने कुवेत व्यापल्यानंतर, १० ऑक्टोबर १९९० रोजी, पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर रडत सांगितले, की इराकी सैनिकांनी इस्पितळातली अर्भके इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर मरायला टाकली. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी इराकविरुद्धच्या युद्धाला संमती दिली. मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि साक्षीमागे जनसंपर्क कंपनीची मोहीम होती, हे १९९२ मध्ये उघड झाले. कुवेतवरचे आक्रमण आणि तिथले अत्याचार खरे होते. तरीही त्यांना इन्क्युबेटरच्या खोट्या कहाणीची जोड दिली गेली, ही गोष्ट गंभीर आहे.

घाई हे या मोहिमेचे सर्वांत धारदार हत्यार. व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर ४ ऑगस्ट १९६४ ला झाल्याचे सांगितलेला उत्तर व्हिएतनामचा दुसरा हल्ला प्रत्यक्षात झालाच नव्हता. पण पडताळणीला उसंत न देता तीन दिवसांत राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव आला आणि सिनेटमध्ये विरोधात फक्त दोन मते पडली. १९७१ मध्ये ठराव रद्द झाला. व्हिएतनाममधले युद्ध संपेपर्यंत ५८,००० हून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसे मेली होती.